ऊन पाण्याचा हिशेब

घरात पाळणा हलू लागला म्हणजे महिन्याच्या जमाखर्चाची वही कोलमडते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. दूध, औषधे, डिंकाचे लाडू, न्हाऊ घालणाऱ्या बाईची बिदागी, यांची तजवीज शहाण्या माणसाने आधीच करून ठेवलेली असते. २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या घरी दुसरा नातू जन्मास आला तेव्हा आम्हीही ती करून ठेविली होती. एका वस्तूचा तेवढा विसर पडला होता. ती वस्तू म्हणजे ऊन पाणी.

दुसरे बाळंतपण असल्यामुळे सूनबाई सासरीच राहिल्या. बेळगावची थंडी काही काश्मीरची नव्हे. परंतु डिसेंबरच्या पहाटे न्हाणीघरातील फरशीवर पाय ठेववत नाही, आणि बाळबाळंतिणीच्या न्हाणाला पाणी कसे असावे याविषयी आमच्या मातोश्रींची मते ठाम आहेत. बाळंतिणीच्या पाठीवर कढत पाण्याचे तांबेच्या तांबे ओतले जात. बाळाला वेगळे पाणी, दुपट्यांना वेगळे. ऐन वेळी पाणी गार निघू नये म्हणून भिंतीवरचा गीझर पहाटे लावला जाई आणि रात्री निजतानाही कोणी बंद करीत नसे. त्याचा तो तांबडा दिवा महिनाभर घरातील समईसारखा तेवत होता.

जानेवारीत विजेचे देयक आले ते २३८ युनिटांचे.

येथे कर्नाटकाबाहेरील वाचकांसाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. या राज्यात २०२३ च्या जुलैपासून ‘गृहज्योती’ नावाची योजना सुरू झाली. त्याआधीच्या वर्षी ज्या घराची जी मासिक सरासरी असेल तीवर थोडी सूट मिळवून त्या घराची मर्यादा ठरते. तेवढी वीज विनामूल्य मिळते. मर्यादेवर गेले तर वरच्या युनिटांचे पैसे पडतात. परंतु महिन्याचा खप २०० युनिटे ओलांडून गेला, की सवलत त्या महिन्यापुरती नाहीशी होते आणि पहिल्या युनिटापासून सारे पैसे भरावे लागतात. आमची सरासरी १५० च्या आसपास, म्हणून मर्यादा सुमारे १६०. वर्षभर शून्याचे देयक पाहण्याची डोळ्यांना सवय झालेली. आणि आता एकदम २३८ युनिटांचा पूर्ण आकार.

त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात जणू पंचायत बसली. सूनबाई प्रथम बोलल्या, आणि त्या बोलल्या ते ऐकून आमचे मन कष्टी झाले. त्या म्हणाल्या, “माझे न्हाण आता एक दिवसाआड केले तरी चालेल, मामंजी.” ज्या घरात काटकसर करावयाची वेळ आली म्हणजे पहिली कात्री बाळंतिणीच्या पाण्याला लागते, त्या घराने आपला हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहावा. ते आम्ही स्पष्टपणे नाकारले. मातोश्री म्हणाल्या, “माळ्यावरचा बंब काढा.” आणि चिरंजीव, जे एका कारखान्यात नोकरीस आहेत, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, गीझर वारंवार चालू-बंद केल्याने अधिक वीज जळते, सतत चालू ठेवणेच स्वस्त. दुसरी अशी की, गॅसचा गीझर आणून न्हाणीघरात बसवावा. सिलिंडर घरात आहेच.

या तिन्ही सल्ल्यांचा आम्ही पुढे दोन महिने विचार केला, आणि जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

बंबाची गोष्ट आधी उरकून घेऊ. तांब्याचा बंब हे आमच्या मते मोठ्या अकलेचे यंत्र होते. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत करवंट्या नि लाकडाच्या ढलप्या, आणि नळीच्या सभोवार पाणी. आगीला वेढून पाणीच बसलेले असल्यामुळे तिची ऊब उधळली जाण्याआधी पाण्यात उतरे. जितके ऊन पाणी काढावे तितके गार पाणी ओतावे, म्हणजे घरातील शेवटच्या माणसालाही आंघोळ मिळे. परंतु तो बंब ज्या घरात होता त्याला परसू होते, वर कौले होती, आणि धुराला जावयास शंभर फटी होत्या. आमचे आजचे न्हाणीघर चार फूट रुंद, सहा फूट लांब, वर स्लॅब, आणि त्याची एकुलती एक खिडकी बाळाला वारा लागू नये म्हणून मातोश्रींनी स्वतःच्या हातांनी गोणपाटाने बुजविलेली. बंब माळ्यावरच राहिला. खिडकीचे हे गोणपाट मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण त्याचा पुढे संबंध येणार आहे.

आता गीझर. हा शब्द आइसलँड बेटावरील उकळत्या पाण्याच्या कारंज्याच्या नावावरून आलेला आहे; लंडनच्या बेंजामिन मॉन या गृहस्थाने १८६८ साली गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र केले आणि त्याला ते नाव दिले. आमच्या भिंतीवरचा गीझर विजेचा, २५ लिटरांचा, २००० वॅटचा. त्याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एका युनिट विजेत ८६० किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात आमच्या टाकीतील पाणी २२ अंशांचे. आंघोळीला ४२ अंश पुरतात. पंधरा लिटरांची बादली म्हणजे ३०० किलोकॅलरी, म्हणजे एका युनिटात जवळजवळ तीन बादल्या. घरातील सहा माणसांच्या सहा बादल्या आणि न्हाणाच्या चार, अशा दहा बादल्यांना रोजची साडेतीन युनिटे पुरावीत. महिन्याची १०५.

हा आकडा कागदावर मांडला आणि दोन गोष्टी उमगल्या. पहिली ही की, २०० युनिटांच्या मर्यादेतील निम्मी वीज एकट्या न्हाणीघरात जात होती. दिवे, पंखे नि दूरदर्शन यांवरून आम्ही मुलांना जे दटावीत होतो ते बरेचसे व्यर्थ होते. दुसरी ही की, न्हाणाच्या चार बादल्यांनी महिन्याला ४२ युनिटेच वाढावयास हवी होती, वाढली होती ८८. बाकीची ४६ कोणी खाल्ली?

तेव्हा चिरंजीवांनी एक लहानसे उपकरण आणले. विजेच्या सॉकेटात बसणारा, आपल्यातून किती युनिटे गेली ते दाखविणारा आणि भ्रमणध्वनीवरून ठरावीक वेळी चालू-बंद होणारा हा प्लग असतो. तो १६ अँपिअरचाच घ्यावा. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, आणि सहा अँपिअरचे स्वस्त खेळणे तेथे लावले तर ते वितळून जाईल. एके रात्री दहा वाजता पाणी पूर्ण तापवून, नळाला कोणीही हात न लावता गीझर तसाच चालू ठेविला. सकाळी सहा वाजता प्लगाने ०.७ युनिट दाखविले. एक तांब्याही पाणी न वापरता! आठ तासांत ०.७, म्हणजे दिवसरात्रीत दोनांहून थोडी अधिक, महिन्यात साठीवर. आमचा गीझर जुना, त्याच्या आवरणातील अस्तर जीर्ण झालेले. नवा चांगला गीझर याहून पुष्कळ कमी गळतो.

चिरंजीवांचा पहिला सल्ला असा आपोआप निकालात निघाला, आणि त्यांनी तो खिलाडूपणाने मान्य केला. सतत चालू ठेवणे स्वस्त पडते ही समजूत फार घरांत आहे, म्हणून तिचे कारण सांगतो. तापलेले पाणी भोवतालच्या हवेला उष्णता देत राहते, आणि पाणी जितके अधिक तापलेले तितकी ती अधिक वेगाने जाते. गीझर बंद केला म्हणजे पाणी हळूहळू निवते, आणि जसजसे निवते तसतशी गळतीही मंदावते. पुन्हा तापविताना जी वीज लागते ती फक्त गमावलेली उष्णता भरून काढण्यापुरती. आणि ती सतत चालू असलेल्या गीझराने गमावलेल्या उष्णतेहून नेहमी कमीच असते. तापवून ठेविलेल्या पाण्याची उष्णता किती गळते, ते विजेच्या गीझरावरील तारांकित चिठ्ठीवर छापलेले असते. २००२ साली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ती चिठ्ठी. दुकानदार तारे दाखवितो. आपण तारे पाहावे आणि त्यांखालचा गळतीचा आकडाही वाचावा.

प्लगाला पहाटे साडेपाचची आणि सकाळी दहाची अशा दोन वेळा नेमून दिल्या. ५० अंशांपर्यंत पाणी तापावयास आमच्या गीझराला पंचवीस मिनिटे लागतात, तेव्हा त्याहून आधी लावण्यात अर्थ नाही. खालच्या झाकणातील तापनियंत्रकाचा खुंटा ६० वरून ५० वर आणला; त्याने गळती आणखी चौथ्या हिश्श्याने घटली, आणि बाळाच्या अंगावर चुकून कढत धार पडण्याचे भयही उणावले. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. मात्र आठ-दहा दिवस घर बंद असेल, तर परतल्यावर टाकीतील पाणी एकदा ६० अंशांवर नेऊन मगच वापरावे. कोमट साचलेल्या पाण्यात फुप्फुसांना बाधणारे जंतू वाढतात. बाळाच्या पाण्यात कोपर बुडवून पाहण्याची मातोश्रींची रीत आम्ही तशीच चालू ठेविली. एकदा तेथे तापमापक धरला तर तो ३८ दाखवू लागला. त्या कोपराला दुरुस्तीची गरज नाही.

आता गॅसच्या गीझराविषयी लिहितो, आणि येथे लेखणी थोडी आवरून चालविणार नाही. एक किलो गॅसमध्ये सुमारे १३ युनिटांइतकी उष्णता असते, आणि घरगुती सिलिंडर १४.२ किलोंचा. पुष्कळ ठिकाणी गॅसने पाणी तापविणे विजेहून स्वस्त पडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गॅसचा गीझर म्हणजे जळती आग आहे. आगीला हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब कोंडीत दार लावून, खिडकी बुजवून तो पेटविला, म्हणजे काही मिनिटांतच हवेतील प्राणवायू उणावतो आणि ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण करू लागते. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर जो उग्र दर्प येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. या विषारी वायूला तसा इशारा देता येत नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूहून दोनशे पटींपेक्षाही अधिक घट्ट बिलगतो. डोके जड होते, झोप आल्यासारखे वाटते, पाय लटके पडतात. आणि आत असलेल्या माणसास वाटते की ऊन पाण्याने सुस्ती आली. दाराची कडी काढण्याचेही त्राण राहत नाही. दर हिवाळ्यात आपल्या देशाच्या वर्तमानपत्रांत अशा मृत्यूंच्या वार्ता येतात, आणि त्यांत तरुण जोडपी नि लहान मुले असतात.

ज्या घरी गॅसचा गीझर आहे त्यांनी तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या सज्जात किंवा परसात हलवावा आणि आत फक्त पाण्याची नळी आणावी. “आमची खिडकी उघडी असते” हे उत्तर आम्ही ऐकले आहे. आमचीही असे, नातू जन्मण्यापूर्वी. याच कारणास्तव बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लोटून घेण्याची जुनी चालही मोडावी. कौलारू घरात जे निभावले ते स्लॅबच्या खोलीत निभावणार नाही. मातोश्रींना हे पटावयास दोन दिवस लागले, पण पटले. गोणपाट निघाले, आणि गॅसचा गीझर आलाच नाही.

फेब्रुवारीचे देयक १८८ युनिटांचे आले. दोनशेच्या आत! मर्यादेवरच्या काही युनिटांचे पैसे भरले, आणि सूनबाईंचे एकही न्हाण चुकले नाही.

हा सारा वृत्तान्त आम्ही ग्वाल्हेरास आमच्या लेकीला कळविला, तेव्हा तिचे उत्तर आले ते जरा फणकाऱ्याचेच होते. “तुमचे पाणी २२ अंशांचे, आमचे १४,” तिने लिहिले. तिचे खरे होते. तीच बादली ४२ अंशांवर नेण्यास तिला आमच्याहून दीडपटीच्या जवळपास वीज लागते. शिवाय तेथे जानेवारीत नुसती आंघोळ ऊन असून भागत नाही, खोलीही ऊबदार लागते. तिच्या सासरी तेल भरलेला विजेचा हीटर घेण्याचे चालले होते, तो कमी वीज खातो असे सांगण्यात आले म्हणून. तसे काही नसते. तारेचा असो, तेलाचा असो, पंख्याचा असो, विजेने तार तापविणारा प्रत्येक हीटर एका युनिटाला तीच ८६० किलोकॅलरी उष्णता देतो. तेलाचा हीटर बंद केल्यावर थोडा वेळ ऊब धरतो आणि उघडी तार नसल्यामुळे मुलांना बरा, एवढेच. खरा फरक पडतो तो उष्णता-पंपाने. हिवाळ्यात ऊबही देणारे जे वातानुकूलन यंत्र मिळते ते याच जातीचे. ते बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आत आणते आणि एका युनिटात अडीच-तीन युनिटांची ऊब देते. पाणी तापविणारे असे पंपही निघाले आहेत, पण त्यांची किंमत अजून वसतिगृहांना नि हॉटेलांनाच झेपण्यासारखी आहे. लेकीला आम्ही आधी दाराखालच्या फटीला कापडाची वळकटी लावण्यास सांगितले. तिने लावली.

मार्चमध्ये आमच्या जुन्या गीझराची टाकी गंजून गळू लागली, आणि त्या निमित्ताने घरात सूर्यबंबाचा विषय निघाला. वस्तुतः ही कल्पना फार जुनी आहे. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप याने उन्हावर पाणी तापविणाऱ्या पेटीचा एकाधिकार १८९१ सालीच मिळविला होता. त्याची अडचण ही की, दिवसा तापलेले पाणी रात्री त्याच पेटीत निवे. ती अडचण कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेली याने १९०९ साली दूर केली: तापविणारा भाग वेगळा, साठविणारी अस्तराची टाकी वेगळी आणि त्याच्या वर. ऊन पाणी हलके म्हणून आपोआप वर चढते, गार पाणी जड म्हणून खाली उतरते. पंप लागत नाही. आज छपरांवर दिसतात त्या काचेच्या काळ्या नळ्यांत एका काचेत दुसरी काच असते आणि मधली हवा काढून घेतलेली असते. चहाचा थर्मास ज्या युक्तीने चहा ऊन ठेवतो तीच ही युक्ती, जेम्स ड्यूअर यांची, १८९२ सालची.

आमच्या छपरावर दोनशे लिटरांचा संच बसला, तोंड दक्षिणेकडे. आणि पहिले आठ दिवस नळाला ऊन पाण्याचा थेंबही येईना! बसविणाऱ्याने गार पाण्याची टाकी सूर्यबंबाच्या टाकीहून खाली ठेविली होती. गार पाण्याने वरून दाब दिल्यावाचून ऊन पाणी खाली येणार कोठून? त्याला तीनदा बोलवावे लागले. अखेर विटांचा चौथरा आम्हीच बांधून घेतला. ज्यांना संच घ्यावयाचा असेल त्यांनी पैसे देण्यापूर्वी टाक्यांची उंची स्वतः पाहावी. छपरापासून न्हाणीघरापर्यंतची नळी आखूड ठेवावी आणि तिला अस्तर गुंडाळावे. दहा मीटर लांब, अर्ध्या इंची नळीत जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी मावते. ते प्रत्येक वेळी गार होऊन वाहून जाते. आम्ही त्याखाली बादली ठेवितो.

एप्रिलचे देयक पंखे फिरत असूनही १०२ युनिटांचे आले, म्हणजे शून्य रुपयांचे. परंतु वाचकांशी खरे बोलावयाचे तर हे सांगितले पाहिजे की, एव्हाना बाळंतिणीचे न्हाण संपलेले होते, आणि सूर्यबंब नसता तरी आम्ही दीडशेच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आतच राहिलो असतो. ज्या घराला शून्याचे देयक येते त्या घराचा सूर्यबंब रुपयांत काहीच वाचवीत नाही, निदान ती योजना आहे तोवर. महाराष्ट्रात, गोव्यात किंवा मध्य प्रदेशात, जेथे खप वाढेल तसा प्रत्येक वरच्या युनिटाचा दर चढत जातो, तेथे हिशेब निराळा. शंभर लिटर पाणी ३५ अंशांनी तापविणे म्हणजे चार युनिटे. वर्षातील तीनशे दिवस ऊन धरले तर बाराशे युनिटे. आपल्या देयकावरील सर्वांत वरच्या दराने त्याला गुणावे आणि संचाच्या किंमतीशी ताडून पाहावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी प्लग नि खुंटा यांवरच समाधान मानावे. आमची बरीचशी बचत त्या दोहोंनीच झाली.

मग पावसाळा आला. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जुलैतील आभाळाचे वर्णन नको. पहिल्या दिवशी टाकीतील साठ्यावर निभावले, दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी बादलीत कोपर बुडविले आणि नुसती मान हलविली. सूर्यबंबाच्या पुढे पंधरा लिटरांचा लहान नवा गीझर आम्ही जोडून घेतला होता. छपरावरून येणारे पाणी गारठलेले नसते, कोमट असते, त्यामुळे त्याला थोडीच मजल गाठावयाची असते. सप्टेंबर सरेपर्यंत प्लगाने तो रोज पहाटे पंधरा मिनिटे चालविला. जुलैचे देयक १३१ युनिटांचे आले. नातवाला आता बादलीत बसावयाचे असते, आणि आंघोळ संपली म्हटले की तो रडतो.